माजी विद्यार्थ्यांचा कॉलेजवर हक्क किती?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

माझ्या जुन्या कॉलेजकडून मला गेल्या वर्षी एक पत्र आले. पदवी घेऊन बाहेर पडल्यापासून आलेले हे पहिलेच पत्र. नाव चुकलेले होते, पत्ता मात्र बरोबर. 'नॅक'ची समिती येणार आहे, तरी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यास अवश्य यावे, सोबतचा अर्ज भरून पाठवावा आणि यथाशक्ती देणगी द्यावी, असा मजकूर होता. आणि त्याच आठवड्यात स्थानिक वर्तमानपत्रात, आतल्या पानावर, एक जाहीर नोटीस छापून आली. कॉलेजच्या वसतिगृहाची जागा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्याचे विश्वस्तांनी योजले आहे, कोणाची हरकत असल्यास चौदा दिवसांत लेखी कळवावी.

या वसतिगृहात मी तीन वर्षे काढली. मिशनचे कॉलेज, पण आम्ही निम्म्याहून अधिक मुले हिंदू, काही मुसलमान, काही नवबौद्ध. प्रार्थनेला बसायची सक्ती नव्हती. दुसऱ्या वर्षी वडिलांना फी भरणे जमेना, तेव्हा प्राचार्यांनी मला खोलीत बोलावून घेतले, एक शब्द न विचारता कागदावर सही केली आणि 'जा, अभ्यास कर' म्हणाले. अशा कॉलेजशी माझे नाते काय? मेळाव्याच्या पत्रात मी 'संस्थेचा आधारस्तंभ' होतो. नोटिशीत मात्र मी 'कोणीही', तोही फक्त चौदा दिवसांपुरता.

हे दुखणे एकट्या आमच्या कॉलेजचे नाही. ख्रिस्ती मिशनने काढलेली कॉलेजे जगभर उतरणीला लागलेली दिसतात आणि बहुतेक ठिकाणी माजी विद्यार्थी व चालक यांच्यात धुसफूस आहे. या बाबतीत न्यूयॉर्कच्या किंग्ज कॉलेजची हकिकत मला फार बोलकी वाटते.

पर्सी क्रॉफर्ड हे अमेरिकेतले प्रवचनकार रेडिओवरून तरुणांसाठी कार्यक्रम करीत. (रेडिओवर बोलताना हे सांगायला मला विशेष आनंद होतो.) त्यांनी १९३८ साली न्यू जर्सीत हे कॉलेज काढले. तिथून ते डेलावेअरला गेले आणि १९५५ साली न्यूयॉर्कजवळच्या ब्रायरक्लिफ मॅनर या गावी, टेकडीवरच्या एका जुन्या आलिशान हॉटेलात स्थिरावले. तीन-चार दशके बरी गेली. पुढे स्टर्लिंग फॉरेस्ट येथे नवी जागा घेतली, पण ते स्थलांतर कधी झालेच नाही. विद्यार्थी घटले, कर्ज चढले, आणि डिसेंबर १९९४ मध्ये कॉलेज बंद पडले. ज्या हॉटेलात पिढ्यान्‌पिढ्या शिकल्या ती इमारतही २००३ साली जळाली.

गंमत पुढेच आहे. कॉलेज मेले तरी त्याची सनद शिल्लक होती. अमेरिकेत पदवी देण्याचा अधिकार त्या त्या राज्याने दिलेल्या सनदेतून येतो, आणि नवी सनद मिळवण्यापेक्षा जुनी हाती घेणे सोपे. 'कॅम्पस क्रुसेड' या इव्हँजेलिकल संघटनेने ती घेतली आणि १९९९ साली त्याच नावाचे कॉलेज न्यूयॉर्क शहरात, चक्क एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्ये सुरू केले. नाव तेच, पण शिक्षक नवे, अभ्यासक्रम नवा आणि गावही नवे. ब्रायरक्लिफच्या माजी विद्यार्थ्यांनी आता कोणाला आपले म्हणायचे? त्यांचे वर्ग, त्यांची झाडे, त्यांचे प्राध्यापक यांतले काहीच या उंच इमारतीत नव्हते.

या नव्या कॉलेजशी आपल्याकडचाही एक धागा जुळतो. २०१० साली तिथे अध्यक्ष म्हणून आले ते दिनेश डिसूझा, मुंबईत जन्मलेले, मूळच्या गोव्याच्या कुटुंबातले. उजव्या विचारांचे नामवंत लेखक. नामवंत अध्यक्ष आला की देणगीदार वळतात, हा हिशेब असावा. पण २०१२ साली, एका पत्नीशी विवाह कायम असताना दुसरा वाङ्‌निश्चय केल्याची बातमी एका ख्रिस्ती नियतकालिकानेच दिली आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. व्यक्तीच्या नावावर उभी केलेली पत त्या व्यक्तीबरोबरच जाते, हे कळायला कॉलेजला फार वेळ लागला नाही.

खरे दुखणे पैशाचे होते. कॉलेजचा मोठा आधार थोड्या बड्या देणगीदारांवर होता. त्यांतले एक, 'ॲमवे'चे रिचर्ड डीव्हॉस, २०१८ साली वारले. नंतर एका कॅनडियन उद्योजकाच्या कंपनीशी ऑनलाइन शिक्षणासाठी करार झाला. तोही फळला नाही. २०२३ च्या आरंभी चालू सत्र पुरे करायलाच सव्वीस लाख डॉलर हवेत, असे जाहीर आवाहन निघाले. मे महिन्यात मान्यता काढून घेण्याचा निर्णय झाला आणि जुलैत सांगण्यात आले, की येत्या सत्रात वर्ग भरणार नाहीत. कॉलेज कायमचे बंद होत आहे असे मात्र म्हणायचे नव्हते. हे वाचून मला आपल्याकडच्या 'अनिश्चित काळासाठी बंद' गिरण्या आठवल्या.

आता असे पाहा. थोडे बडे दाते असले की हजार लहान दात्यांशी बोलत राहण्याची गरज वाटत नाही. वर्षाला पन्नास डॉलर देणाऱ्या माणसाला पत्र पाठवायचे, हिशेब दाखवायचा, अडचण सांगायची, त्याची कुरकुर ऐकायची, हे कंटाळवाणे काम असते. पण तोच माणूस अडचणीच्या वेळी उपयोगी पडतो. तो आधीपासून माहीतगार असेल तरच, हे सांगायला नकोच. ज्याला गळती कधी कळवली नाही त्याला बोट बुडताना हाक मारून तो येत नाही. आला तर जाब विचारायला येतो.

याच्या उलट उदाहरण ओहायोतल्या अँटिऑक कॉलेजचे. 'ख्रिश्चन कनेक्शन' या पंथाने काढलेले हे कॉलेज १८५३ साली सुरू झाले आणि पुढे पंथाच्या चौकटीतून मोकळे झाले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्नी कोरेटा तिथल्याच विद्यार्थिनी. २००७ साली विश्वस्तांनी जाहीर केले, की हे कॉलेज पुढच्या वर्षी थांबवायचे. माजी विद्यार्थी चिडले, निधी जमवू लागले. पुष्कळ महिने वाटाघाटी आणि शब्दाशब्दी झाली. २००८ साली कॉलेज बंद झालेच. पण माजी विद्यार्थ्यांनी महामंडळ स्थापून २००९ साली सुमारे साठ लाख डॉलरना ते विकत घेतले. २०११ च्या शरदात पस्तीस विद्यार्थी घेऊन ते पुन्हा उघडले. पस्तीसच! तरीही मला या पस्तिसांचे अप्रूप वाटते.

आपल्याकडे परिस्थिती वेगळी. मुंबईचे विल्सन, नागपूरचे हिस्लॉप यांसारख्या कॉलेजांची पुण्याई मोठी. त्यांच्या नंतर तालुक्या-जिल्ह्यांत लहान मिशन कॉलेजे निघाली. अनुदान आल्यावर प्राध्यापकांचा पगार सरकारी तिजोरीतून होऊ लागला. ही चांगलीच गोष्ट, पण त्यामुळे माजी विद्यार्थ्यांवाचून कोणाचे अडेना. परदेशी मिशनचा पैसा आटला, तरी पगार चालू राहिले आणि इमारतींचे पत्रे गळू लागले. पुढे 'नॅक'ने माजी विद्यार्थ्यांच्या सहभागालाही गुण ठेवले आणि गावोगावी माजी विद्यार्थी संघांच्या नोंदण्या झाल्या. माझे पत्र त्या गुणांसाठी होते. यात मला राग येण्यासारखे काही नाही. फक्त ते ओळखून असावे.

कायद्याने मात्र आपण कोण? सार्वजनिक न्यासाची स्थावर मिळकत विकायची असेल, किंवा बिनशेती जमीन तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची असेल, तर १९५० च्या कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. हरकत घेणाऱ्याला आपला हितसंबंध दाखवावा लागतो. विश्वस्ताला हे सोपे. 'मी इथे शिकलो' एवढ्यावर हितसंबंध सिद्ध होईलच असे नाही. कंपनीच्या भागधारकाला मत असते, माजी विद्यार्थ्याला नसते. त्याच्याकडे प्रेम असते, आणि प्रेमाला त्या अर्जात रकाना नाही.

मी माझ्या एका वर्गमित्राला फोन केला. तो स्वतः मंडळीचा सभासद. मला वाटले होते तो म्हणेल, तुम्ही बाहेरचे, यात पडू नका. तो वेगळेच बोलला. म्हणाला, ''अरे, तुम्ही सगळे मेळाव्यात भाषणे करता, की मिशनने आम्हांला घडवलं. मग पुढची तीस वर्षं कुठे असता? विश्वस्त मंडळावर आम्ही मूठभर. गळक्या छपराला पैसे मागितले तर आमच्याच लोकांनी दिले, दोन-दोनशे रुपये. आता जागा चालली तर तुम्ही हरकत घेणार.'' मी निरुत्तर झालो. देणगीचा तो अर्ज अजून माझ्या टेबलावर तसाच पडला होता.

चौदा दिवसांतल्या बाराव्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून हरकतीचे पत्र दिले. भाडेपट्ट्याला सरसकट विरोध केला नाही. भाडे किती येणार, ते कोणत्या खर्चाला लावणार, आणि वसतिगृहात राहणाऱ्या मुलांची सोय काय, एवढे तीन प्रश्न लिहिले. पहिली सही त्याची आहे. त्याच दिवशी मी छपरासाठी पाच हजारांचा धनादेशही पाठवला. सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही. धनादेशाची पावती मात्र आठवड्यात आली, आणि तिच्यावरही माझे नाव चुकलेलेच आहे.