सरोवराकाठचा मुक्काम आणि एका ओढ्याचे पाणी

मंडळी, लडाखला जायचा बेत असेल तर पँगाँग सरोवर तुमच्या यादीत असणारच. २००९ साली ‘थ्री इडियट्स’ सिनेमा आला, तेव्हापासून तिथे जत्राच भरते. शेती करणाऱ्याने मात्र आणखी एक सरोवर पाहावे. त्याचे नाव त्सो मोरिरी, काठावरचे गाव कोरझोक. लेहहून सिंधू नदीच्या कडेने उपशी, चुमाथांग, माहे असे सव्वादोनशे किलोमीटर. अख्खा दिवस मोडतो. गाडीची टाकी लेह-कारूलाच भरून घ्या, पुढे पंपाची आशा धरू नका.

सरोवर साडेचार हजार मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या पावणेतीन पट. श्वासागणिक प्राणवायू निम्म्याहून थोडाच जास्त मिळतो. म्हणून विमानातून उतरून लगेच इकडे धावू नका. लेहला दोन-तीन दिवस अंग रुळू द्या. रक्तदाब, दमा असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच निघावे. डोके ठणकून तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचे.

मुक्कामाला छोटी हॉटेले आहेत, तंबू आहेत, गावातल्या घरांतही सोय होते. खिडकीतून निळे पाणी आणि बर्फाचे डोंगर दिसतात. त्याचे वर्णन करत बसत नाही. पण समोर एवढा जलाशय असून घोटभर पिता येत नाही, बरं का! पाणी मचूळ. या सरोवराला बाहेर जायची वाटच नाही. डोंगरातून ओढे येतात, उन्हावाऱ्याने पाणी उडून जाते, क्षार तेवढे मागे राहतात. निचरा नसलेले उसाचे रान कसे चोपण होते हे ज्याने पाहिले, त्याला जास्त सांगायला नको.

मग हॉटेलात पाणी येतं कुठनं? बर्फ वितळून गावाकडे येणाऱ्या ओढ्याचं. त्याच ओढ्यावर कोरझोकचा जव भिजतो. ही शेते जगातल्या सर्वात उंचावरच्या शेतांत मोडतात. लेहला वर्षाचा पाऊस चार इंचांच्या आसपास. आपल्या माण-खटावचा दुष्काळी पाऊसही त्याच्या कितीतरी पट भरेल. लडाखी गावांत पाटाच्या पाळ्या ठरवायला गावानेच नेमलेला माणूस असतो, त्याला चुरपोन म्हणतात. आपल्या फड बागायतीतला पाटकरीच समजा.

आता हिशेब करा. फ्लशचा संडास एका वेळेला सहा ते दहा लिटर पाणी गिळतो. पाहुणे येतात जून ते सप्टेंबर, आणि जवाला पाणी लागते तेही याच दिवसांत. सांडपाणी शोषखड्ड्यात सोडले तरी जमिनीचा उतार सरोवराकडेच, आणि तिथून पुढे वाट नाही.

लडाखी घरातला जुना संडास कोरडा असतो. वरच्या खोलीत जमिनीला भोक, वरून माती-राख टाकायची. खाली खत होते आणि पेरणीआधी शेतात जाते. पाणी थेंबभर लागत नाही. पहिल्या दिवशी अवघडल्यासारखे होते खरे, पण त्या कोरड्या थंडीत वासही फारसा येत नाही. ग्रामसेवकांनी मुद्दाम पाहावा असा प्रकार आहे.

२००० साली कोरझोकच्या लोकांनी हे सरोवर पृथ्वीसाठी पवित्र देणगी म्हणून जाहीर केले. २००२ साली ते रामसर यादीत गेले. वरून आदेश यायच्या आधी गाव बोलले, हे आपल्या सरपंचांनी ध्यानात घ्यावे. तरी तंबूंच्या रांगा कुरणावर बसल्या की अडचण होते ती चांगपा मेंढपाळांची. त्यांच्या पश्मिना शेळीची लोकर विंचरून निघते पाव किलोच्या आसपास, आणि तीही चारा असेल तर. उरलेले अन्न उघड्यावर पडले की भटकी कुत्री वाढतात, ती काळ्या मानेच्या क्रौंचाची अंडी-पिल्ले खातात. पट्टकादंबही उन्हाळ्यात इथेच अंडी घालतो. हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर थवे उतरतात, ते याच जातीचे.

तेव्हा खोली ठरवताना गरम पाण्याची चौकशी जरूर करा, पण सांडपाणी कुठे जाते तेही विचारा. अंघोळ एखाद दिवस चुकली तर त्या थंडीत काही बिघडत नाही. प्लास्टिकच्या बाटल्या गाडीतून लेहला परत आणा. परवाना आणि शुल्काचे नियम बदलत असतात, ते लेहलाच विचारून घ्या. शक्य असेल तर गावातल्या घरातच उतरा, म्हणजे पैसे ओढ्याच्या मालकांच्या हातात पडतील. पाणी तिथे ८५ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजायची नाही. त्यापेक्षा भाजलेल्या जवाचे पीठ लोणी घातलेल्या खारट चहात कालवून देतात ते खा. आपल्या सातूच्या पिठाचे भावंडच, फक्त गुळाऐवजी मीठ.