शेतकऱ्याची नोंद, शेतीचा आधार

परभणी जिल्ह्यातील मानवत हे कापसाच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे गाव असून, कापसावरील किडीने दोन दशकांत जो धडा दिला, तो या परिसराला जवळून लागू पडतो. भारतात २००२ मध्ये बीटी कापसाला, म्हणजे जिवाणूतील जनुकामुळे बोंडअळीला मारक ठरणाऱ्या वाणाला, परवानगी मिळाली. मात्र गुलाबी बोंडअळीने पुढे त्याचा प्रतिकार करण्याची क्षमता कमावली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात मोठे नुकसान केले.

अशा वेळी कृषिपरिस्थितिकीचा विचार महत्त्वाचा ठरतो. माती, पीक, कीड, मित्रकीटक, पाणी आणि माणूस यांचे परस्परसंबंध ओळखून शेती करण्याच्या या शास्त्रात कपाशीत मूग, उडीद किंवा तूर घेणे, पिकांची फेरपालट करणे आणि निंबोळी अर्क वापरणे ही साधने येतात. परंतु कोणते साधन केव्हा वापरावे, हे शेतातील नोंदीशिवाय ठरत नाही. मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज सरासरी आठ किंवा अधिक नर पतंग आढळले, अथवा दहा टक्के फुलांत किंवा बोंडांत प्रादुर्भाव दिसला, म्हणजे आर्थिक नुकसानीची पातळी गाठली गेली असे मानतात. पतंग मोजण्याचे, अळीमुळे नीट न उमललेल्या डोमकळ्या शोधून नष्ट करण्याचे आणि हिरवी बोंडे फोडून पाहण्याचे काम जो शेतकरी स्वतः करतो, त्याची अनावश्यक फवारणी वाचते व ढालकिडा, क्रायसोपा हे मित्रकीटकही टिकतात.

शेतकऱ्यांनी एकत्र निरीक्षण करून निर्णय घेण्याची शेतीशाळेची पद्धत १९८९ मध्ये इंडोनेशियातील भातशेतीत आकाराला आली. महाराष्ट्रात २०१८ पासून परभणीसह अनेक जिल्ह्यांत राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने शेतीशाळांना आणि गावाच्या पाण्याच्या ताळेबंदाला स्थान दिले, तर १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीमुळे पूर्वी तलाठ्याकडे असलेली पीकनोंद शेतकरी मोबाइलवरून छायाचित्रासह करू लागला.

तथापि जमिनीच्या कोणत्या गटात कोणते पीक आहे, एवढ्यावरून शेतीचे आरोग्य कळत नाही. फवारण्या किती झाल्या, मित्रकीटक किती दिसले, खर्च किती आला आणि घरच्या ताटात ज्वारी व डाळ कितीशी आली, हेही लिहिले गेले पाहिजे. ही माहिती वर पाठवून संपू नये, तर ग्रामसभेत वाचली जावी आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांशी चर्चेला घेतली जावी. कारण ज्याने नोंद केली, त्याच्याच पुढच्या पेरणीला ती उपयोगी पडली, तरच त्या नोंदीला अर्थ आहे.