बंदर, बाजार आणि एक कोरा कागद

व्यापारी बंधूंनो, यवतमाळच्या कापसाचा भाव दूरच्या बंदरावरही अवलंबून असतो, हे आपण जाणतोच. पाचशे वर्षांपूर्वी बहामनी सल्तनतीच्या एका वजिराने हेच ओळखले होते. तो मुळात व्यापारीच होता.

ख्वाजा महमूद गावान इराणच्या गिलानचे. सुमारे 1453 साली ते दाभोळ बंदरात उतरले आणि पुढे बीदर दरबारात वजीर झाले. 'मलिक-उत-तुज्जार', म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख, हा त्यांचा किताब.

राजधानी बीदर समुद्रापासून दूर, पण फौजेसाठी चांगले घोडे अरबस्तान-इराणातून जहाजानेच येत. दाभोळ आणि चौल बहामनींकडे होते, गोवा मात्र विजयनगरकडे. शिवाय खेळणा (आजचा विशाळगड) आणि संगमेश्वर येथील राजांची गलबते व्यापाऱ्यांची व हाजींची जहाजे लुटत. गावान यांनी 1469 मध्ये मोहीम काढली. समुद्रात गलबतांचा पाठलाग करण्यापेक्षा त्यांना आसरा देणारे किल्लेच त्यांनी घेतले. मग 1472 मध्ये जमीन व समुद्र अशा दोन्ही बाजूंनी चालून जाऊन गोवा घेतला. व्यापाराची वाट मोकळी झाली आणि विजयनगरचे घोड्यांचे एक मोठे बंदर गेले.

घरचा कारभारही त्यांनी सुधारला. जमिनीची मोजणी करून महसूल ठरवला. चार तरफांचे, म्हणजे प्रांतांचे, आठ केले. त्यात वऱ्हाडचे गाविल आणि माहूर असे दोन भाग झाले. हे माहूर आपल्या पैनगंगेपलीकडचेच. तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवून बाकीचे सुलतानाच्या ताब्यात घेतले.

यामुळे दुखावलेल्या सरदारांनी गावान यांच्या शिक्का सांभाळणाऱ्या नोकराला फितवून कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला. त्यावर ओरिसाच्या राजाला चढाईचे निमंत्रण देणारे खोटे पत्र लिहिले. सुलतानाने चौकशी न करता 1481 मध्ये गावान यांना ठार करविले. पुढे दहा वर्षांच्या आत सल्तनत फुटू लागली. वऱ्हाडात इमादशाही आली. 1510 मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेला.

दुकान लहान असो वा मोठे, मालाच्या वाटेइतकीच सही-शिक्क्याची राखण महत्त्वाची. कोऱ्या चेकवर किंवा कोऱ्या कागदावर सही देऊ नये. शिक्का स्वतःच्या कुलपात ठेवावा. भागीदाराविरुद्ध चिठ्ठी हाती आली, तर निर्णय घेण्याआधी त्याला समोर बसवून विचारावे.