तपासणीच्या वाटेत हरवलेले औषध

पश्चिम आफ्रिकेतील गांबिया या सुमारे 25 लाख लोकसंख्येच्या गरीब देशात बहुतेक औषधे बाहेरून येतात, आणि 2022 मध्ये त्यांची रासायनिक तपासणी करणारी प्रयोगशाळाच तेथे नव्हती. बाटलीवर जे छापले आहे ते खरे मानण्यावाचून डॉक्टरांपुढे व पालकांपुढे दुसरा मार्ग नव्हता. त्या वर्षी लहान मुलांची लघवी बंद होऊन मूत्रपिंडे निकामी होऊ लागली, तेव्हा संशयित औषधांचे नमुने परदेशी पाठवावे लागले. 5 ऑक्टोबर 2022 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने हरियाणातील एका कंपनीच्या चार पातळ औषधांविषयी इशारा दिला, आणि त्यांच्याशी 66 मुलांच्या मृत्यूंचा संबंध असू शकतो असे सांगितले. भारत सरकारने पुढे आपल्या प्रयोगशाळेत तपासलेले नमुने निर्दोष ठरल्याचे कळवले. संघटना मात्र आपल्या निष्कर्षावर ठाम राहिली.

त्या औषधांत डायइथिलीन ग्लायकॉल व इथिलीन ग्लायकॉल ही विषारी द्रव्ये आढळली होती. औषधाचा मूळ गुणकारी घटक पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून सिरपमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन घालतात. ही विषारी द्रव्येही तशीच गोडसर आणि रंगहीन, पण ती वाहनांच्या शीतकात व ब्रेक ऑइलमध्ये वापरली जातात आणि स्वस्त असतात. पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर विसंबून कच्च्या मालाचे पिंप न तपासता वापरले की विष थेट बाटलीत उतरते. ओळख लपवून किंवा खोटी सांगून विकलेले औषध बनावट ठरते, तर अधिकृत परवान्याने बनूनही दर्जात न बसणारे औषध निकृष्ट. रोग्याच्या दृष्टीने दोन्ही तितकीच घातक असली तरी पहिल्यासाठी पोलीस लागतात आणि दुसऱ्यासाठी जागरूक औषध निरीक्षक, आणि गरीब देशांत ही दुसरी उणीव अधिक जीवघेणी आहे.

महाराष्ट्राला हे दुःख परके नाही. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायइथिलीन ग्लायकॉलनेच दूषित झालेले ग्लिसरीन दिल्याने 14 रुग्ण दगावले, आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषध खरेदीतील व नियंत्रणातील संगनमत उघडे पाडले. अशा विषाची मर्यादेपेक्षा अधिक मात्रा थिन लेयर क्रोमॅटोग्राफी या साध्या, कमी खर्चाच्या पद्धतीनेही पकडता येते. या पद्धतीत विशिष्ट लेप दिलेल्या पट्टीवर द्रवाचे थेंब ठेवून त्यातील घटक वेगळे केले जातात. त्यामुळे खरी अडचण यंत्रांच्या किमतीपेक्षा तपासणी कोणी, कुठे आणि कधी करायची, ही आहे.

ज्या देशाला स्वतःची प्रयोगशाळा उभारायला वर्षे लागतील, त्याने माल निघण्याआधीच तो तपासून घेणे अधिक शहाणपणाचे. गांबियाने जुलै 2023 पासून भारतातून येणाऱ्या औषधांची निर्यातीपूर्वी तपासणी सक्तीची केली आणि ते काम मुंबईतील एका स्वतंत्र कंपनीकडे सोपवले. भारतानेही 1 जून 2023 पासून खोकल्याच्या सिरपच्या निर्यातीस सरकारी प्रयोगशाळेच्या तपासणीची अट घातली. पण गांबियासाठी लागू झालेली ही तपासणी शेजारच्या देशांसाठी आपोआप होत नाही, आणि प्रत्येक छोट्या देशाने स्वतंत्र करार करणे परवडणारे नाही. म्हणून 2021 मध्ये ज्या आफ्रिकन औषध संस्थेचा करार अमलात आला आणि जिचे मुख्यालय पुढे रवांडातील किगालीत ठेवण्याचे ठरले, तिच्याकडे नमुन्यांच्या तपासणीची व धोक्याच्या सूचनांची सामाईक व्यवस्था सोपवली जाणे तातडीचे आहे.