आखाताचा व्हिसा : खर्च मालकाचा, मग कर्ज आपले का?

"आई, एजंट सव्वा लाख मागतोय. दुबईची नोकरी आहे. वर्षभरात फेडून टाकतो बघ."

"कशाचे रे सव्वा लाख?"

"व्हिसाचे. आणखी कशाचे?"

आपल्या वस्त्यांतील कितीतरी घरांत हे बोलणे झाले असेल. मुलगा वेल्डर असतो, प्लंबर असतो, नाहीतर शटरिंगच्या कामावर जाणारा असतो. मग आईच्या गळ्यातली पोत गहाण पडते, पतपेढीचे कर्ज निघते, पाहुण्यांकडून उसनवारी होते. विमानात पाऊल ठेवण्यापूर्वीच मुलगा कर्जबाजारी होतो. आणि कर्जात बुडालेला कामगार मालकासमोर तोंड उघडत नाही. पगार कमी आला तरी गप्प, पासपोर्ट काढून घेतला तरी गप्प.

परंतु आईचा प्रश्न अगदी बरोबर होता. कशाचे पैसे? बाहेरच्या देशातून माणूस कामावर आणायचा तर मालकाने काय करावे, कोणता खर्च सोसावा, हे त्या त्या देशाच्या कायद्यात लिहिलेले असते. मालक तो कायदा वकिलाकडून समजून घेतो. आपण मात्र एजंटाच्या तोंडून ऐकतो. म्हणून संयुक्त अरब अमिरातीचा, म्हणजे दुबई, अबुधाबी, शारजा ज्यात येतात त्या देशाचा कायदा येथे पाहू. सौदी, कतार, कुवेत, ओमान यांचे कायदे वेगळे आहेत, हे ध्यानात ठेवावे.

भरतीचा खर्च मालकाचा

अमिरातीचा खाजगी नोकऱ्यांसाठीचा नवा कामगार कायदा २०२१ साली झाला आणि २ फेब्रुवारी २०२२ पासून अंमलात आला. कामगाराच्या भरतीचा खर्च मालकाने त्याच्याकडून घेऊ नये, सरळही नाही आणि आडमार्गानेही नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. वर्क परमिट मालकाने काढायचे. तेव्हा "व्हिसाचे पैसे" म्हणून लाखांत रक्कम मागणारा माणूस कायद्याचे बोलत नाही.

आता आपल्या देशाची बाजू. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली सरकारकडे नोंदलेल्या एजंटालाच परदेशी भरती करता येते. त्याला आपल्या सेवेबद्दल जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. पावती नको, रोख द्या, असे म्हणणाऱ्यापासून चार हात दूर राहावे. एजंटाचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर तपासता येतो. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सांगितले तर ती मोबाईलवर पाच मिनिटांत पाहून देईल.

आधी ऑफर लेटर, मग विमान

अमिरातीत मालकाने कामगाराला सरकारी नमुन्यातील ऑफर लेटर दाखवून त्यावर सही घ्यावी लागते. हे पत्र अरबी व इंग्रजीबरोबरच कामगाराला समजणाऱ्या तिसऱ्या भाषेत देण्याची सोय २०१६ पासून आहे. त्यात मराठी नाही, पण हिंदी आहे. तेव्हा "मला हिंदीतले पत्र द्या" असे निर्भयपणे म्हणावे. पुढे होणारा करार या पत्राला धरूनच असावा लागतो. इथे इलेक्ट्रिशियन सांगायचे आणि तिथे हेल्पर म्हणून उभे करायचे, हे नियमात बसत नाही. सही केलेल्या पत्राची एक प्रत घरी ठेवावी. उद्या वाद झाला तर तोच पुरावा.

सर्वात मोठा सापळा व्हिजिट व्हिसाचा. "आत्ता फिरायच्या व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून देऊ," असे सांगितले जाते. पण व्हिजिट व्हिसावर काम करणे तेथे गुन्हा आहे. असा कामगार कागदोपत्री कामगारच नसतो. पगार बुडाला तर तक्रार करायलाही तो घाबरतो. परवान्याशिवाय माणूस कामावर ठेवणाऱ्या, किंवा कामगार देशात आणून त्याला काम न देणाऱ्या मालकाला २०२४ च्या दुरुस्तीने एक लाख ते दहा लाख दिरहम दंड ठेवला आहे. पण दंड सरकारजमा होतो, आपल्या आईची पोत त्याने सुटत नाही.

बेसिक किती, ते विचारा

ऑफर लेटरमध्ये पगाराचे दोन भाग असतात : बेसिक आणि भत्ते. आपले लोक एकूण आकडा पाहून खूश होतात. पण नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटी फक्त बेसिकवर मोजतात. किमान एक वर्ष नोकरी झाली की पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा बेसिक पगार, त्यापुढे दरवर्षी ३० दिवसांचा.

हिशेब करून पाहू. बेसिक १,००० दिरहम असेल तर वर्षाला ७०० दिरहम, पाच वर्षांचे ३,५००. तेच बेसिक ६०० लावले आणि बाकीची रक्कम भत्त्यात टाकली, तर वर्षाला ४२० आणि पाच वर्षांचे २,१००. एकूण पगार तोच, काम तेच, पण १,४०० दिरहम गेले. ओव्हरटाइमही बेसिकवरच मोजतात. म्हणून सहीपूर्वी विचारायचा पहिला प्रश्न हा : बेसिक किती?

कामाचे तास दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८. ओव्हरटाइम साधारणपणे दिवसाला दोन तासांपर्यंत, आणि त्याचा दर २५ टक्के जादा. रात्री १० ते पहाटे ४ या वेळेत ५० टक्के जादा. सलग पाच तासांहून अधिक काम विश्रांतीशिवाय घेता येत नाही. आठवड्याला एक सुटी, आणि वर्ष भरल्यावर ३० दिवसांची भरपगारी रजा. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम घेण्यास मनाई आहे. पगार बँकेमार्फत किंवा एक्स्चेंजमार्फत द्यावा लागतो; ही पद्धत २००९ पासून आहे. नोकरी संपल्यावर सर्व येणे १४ दिवसांत द्यावे लागते.

पासपोर्ट हा कामगाराचा. तो मालकाने अडकवून ठेवू नये, असे कायदा सांगतो. आणखी एक कलम आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. वंश, वर्ण, लिंग, धर्म, राष्ट्र आणि सामाजिक मूळ यांवरून नोकरीत भेदभाव करण्यास या कायद्याने बंदी आहे. कॅम्पच्या खोलीत कोणी आडनाव विचारून वेगळे वागवू लागला, तर हे कलम माहीत असलेले बरे.

घरकामास जाणाऱ्या भगिनी

घरकामगारांसाठी वेगळा कायदा आहे. तो डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. दिवसात १२ तास विश्रांती आणि त्यातले ८ तास सलग, आठवड्याला एक दिवस भरपगारी सुटी, वर्षाला ३० दिवस रजा. ओळखपत्रे व पासपोर्ट स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क. आपल्या सरकारच्या नियमाप्रमाणे ईसीआर पासपोर्ट असलेल्या ३० वर्षांखालील स्त्रीला घरकामासाठी आखातात जाण्याची परवानगी मिळत नाही. वय खोटे लावून नेणारा एजंट तिच्या संरक्षणाचे सगळे मार्ग बंद करत असतो.

कायदा आणि वस्तुस्थिती

कागदावर सर्व चांगले आहे म्हणून तेथे सर्व आलबेल आहे, असे समजू नये. तेथे कामगारांना युनियन करता येत नाही, संप करता येत नाही. राहण्याचा परवाना मालकाच्या नोकरीशी बांधलेला असतो. म्हणून त्रास झाला तरी न सांगता काम सोडून पळू नये. मालक गैरहजेरीची तक्रार करतो आणि फसवला गेलेलाच गुन्हेगार ठरतो. आधी तेथील कामगार मंत्रालयात तक्रार नोंदवावी. दुबईत भारत सरकारचे प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे. त्याचा त्या देशातील मोफत दूरध्वनी ८००-४६३४२.

निघण्यापूर्वी

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर बहुधा ईसीआर असते. त्यांना आखातात कामाला जाण्यापूर्वी उत्प्रवास संरक्षक कार्यालयाची मंजुरी लागते. हे कार्यालय मुंबईतही आहे. त्यावेळी प्रवासी भारतीय विमा योजनेचा विमाही काढावा लागतो. हप्ता काही शे रुपयांचा आणि अपघाती मृत्यू वा कायमच्या अपंगत्वासाठी विमा १० लाखांचा. ही कटकट नाही, हेच संरक्षण आहे. ते टाळून मागच्या दाराने नेणारा एजंट आपला हितचिंतक नव्हे.

ऑफर लेटर, करार, पासपोर्ट, व्हिसा, विमा आणि एजंटाची पावती, या सहा कागदांच्या प्रती घरच्या ट्रंकेत राहू द्या. आणि मुलगा पैसे मागायला आला की आईने, पत्नीने, बहिणीने न लाजता विचारावे : कशाचे पैसे? पावती कुठे आहे? याचे उत्तर मिळेपर्यंत पोत गळ्यातून काढू नये.