हाताने घडविलेल्या संचांचे बंगळुरू

बंगळुरूचे नाव उच्चारताच काचेच्या उंच इमारती आणि संगणकासमोर बसलेली तरुण पिढी डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु या शहराचे इलेक्ट्रॉनिक्सशी असलेले नाते संगणकापेक्षा पुष्कळ जुने आहे. १९४८ मध्ये इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज आणि १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स हे दोन मोठे सरकारी उद्योग येथे उभे राहिले. पुढे अंतराळ संशोधनाचे कार्यही येथेच विस्तारले. दिवसभर कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत याच विद्येत रमलेली काही माणसे सायंकाळी घरी परतल्यावर पुन्हा डाखणी हाती घेत. त्यांचा तो उद्योग पगारासाठी नसे. स्वतःच्या हाताने जोडलेल्या यंत्रातून शेकडो मैल दूरच्या अनोळखी माणसाशी बोलता यावे, एवढीच त्यामागची आस होती.

या छंदाला जगभर ‘हॅम रेडिओ’ आणि मराठीत ‘हौशी रेडिओ’ म्हणतात. परीक्षा देऊन सरकारी परवाना मिळविणाऱ्यास एक सांकेतिक नाव मिळते. भारतातील बहुतेक सांकेतिक नावांचा आरंभ ‘व्हीयू’ या अक्षरांनी होतो. या लहरींवरून व्यापारी निरोप धाडता येत नाहीत, गाणी ऐकविता येत नाहीत. परवान्यावाचून प्रेषण करणे तर गुन्हाच ठरतो. १९५९ मध्ये स्थापन झालेला बंगळुरू अॅमॅच्युअर रेडिओ क्लब हा देशातील जुन्या क्लबांपैकी एक असून ‘व्हीयू२एआरसी’ हे त्याचे सांकेतिक नाव हौशी मंडळींत सुपरिचित आहे.

आरंभीच्या काळात घरी संच घडविणे ही हौस कमी आणि निकड अधिक होती. परकीय चलनाची चणचण होती, आयातीवर कडक निर्बंध होते आणि परदेशी बनावटीचा तयार संच सामान्य नोकरदाराच्या आवाक्यापलीकडचा होता. तेव्हा दुसऱ्या महायुद्धातून उरलेली लष्करी यंत्रे भंगाराच्या भावाने मिळवायची, त्यांतील उपयुक्त भाग सुटे करायचे आणि आपल्या गरजेनुसार पुन्हा जोडायचे, हाच राजमार्ग होता. मुंबईकरांना यासाठी चोरबाजार आणि लॅमिंग्टन रोड होते. बंगळुरूकरांना एस. पी. रोड, म्हणजेच सदर पत्रप्पा रस्ता, होता आणि आजही आहे. टाऊन हॉलजवळच्या या अरुंद रस्त्यावर चिमटीत मावणाऱ्या रेझिस्टरपासून जुन्या संगणकाच्या अवजड वीजपुरवठ्यापर्यंत सर्व काही मिळते. दुकानदाराला वस्तूचे नाव सांगता आले नाही तरी चालते, नमुना दाखविला की पुरे.

सुट्या भागांतून प्रेषक उभारण्याच्या या कलेने आपल्या महाराष्ट्रात एकदा इतिहासही घडविला आहे. महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने हौशी केंद्रांचे परवाने रोखले होते. तरीही १९४२ च्या ‘भारत छोडो’ आंदोलनात २७ ऑगस्ट रोजी मुंबईतून ‘काँग्रेस रेडिओ’ ४२.३४ मीटरवर बोलू लागला. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या गुप्त केंद्राचा प्रेषक नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओतज्ज्ञाने जुळविला होता. पोलिसांना चुकविण्यासाठी जागा वारंवार बदलाव्या लागत. अखेर १२ नोव्हेंबर १९४२ रोजी केंद्रावर धाड पडली. अवघ्या अडीच महिन्यांची ही कहाणी असली, तरी घरगुती यंत्राचे मोल किती असू शकते, हे तिने दाखवून दिले.

आता मूळ विषयाकडे वळू. घरी संच घडवायचा म्हणजे नेमके काय करायचे? त्याचे उत्तम उदाहरण २००३ च्या सुमारास हैदराबादच्या अशहर फरहान यांनी रचलेल्या ‘बिटएक्स’ संचात सापडते. १४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर सुमारे ६ वॅट शक्तीने बोलणारा हा संच भारतातील कोणत्याही शहरात मिळतील अशाच भागांतून उभा राहावा, हा त्यामागचा हट्ट होता. महागडी परदेशी कडी मिळत नाहीत, तर तार नळाच्या वॉशरवर गुंडाळावी. दूरदर्शन संचाच्या एरियलजवळ वापरला जाणारा लहान फेराइटचा गाभा रोहित्र म्हणून कामास घ्यावा! संदेश ऐकताना आणि पाठविताना तेच वर्धक उलटसुलट दिशेने वापरण्याची युक्ती त्यात असल्याने भागांची संख्याही आटोक्यात राहिली. हा आराखडा सर्वांसाठी खुला ठेवल्यामुळे भारतातच नव्हे, तर परदेशांतील हौशींनीही तो उभारला. एखाद्या भारतीय गृहिणीच्या काटकसरीची आठवण व्हावी, असेच हे अभियांत्रिकीचे काम आहे.

या संचातील सर्वांत नाजूक भाग म्हणजे गाळणी. १० मेगाहर्ट्झचे चार स्फटिक एकापुढे एक जोडून ती बनते आणि हव्या त्या आवाजाला वाट देऊन शेजारचा गलका अडविते. बाजारात मिळणाऱ्या स्फटिकांवर आकडा एकच छापलेला असला, तरी प्रत्यक्षात प्रत्येकाची कंपने थोडी निराळी असतात. म्हणून जाणकार मंडळी चारऐवजी मूठभर स्फटिक आणतात, प्रत्येकाची मोजणी करतात आणि एकमेकांशी जुळणारे तेवढे निवडतात. पत्रिका जुळविण्याइतकेच चिकाटीचे हे काम! त्यानंतर तांब्याचा पत्रा चिकटविलेल्या तक्त्यावर डाख देण्याचे सत्र सुरू होते. डाख चकचकीत बसला तर ठीक. निस्तेज आणि खडबडीत दिसला तर तो ‘थंड’ समजावा. वरून पक्का दिसणारा असा एकच सांधा संपूर्ण संचाला मुके करू शकतो आणि तो शोधण्यात अनेक रात्री जातात.

संच प्रथमच चालू करताना त्याला थेट एरियल जोडत नाहीत. अनेक रेझिस्टर एकत्र बांधून केलेला भार जोडून शक्ती आधी त्यात जिरविली जाते. आपल्या अपुऱ्या यंत्राचा उपद्रव इतरांना होऊ नये, हा त्यामागील शिष्टाचार आहे. एरियल मात्र अगदीच साधी असते. ७ मेगाहर्ट्झसाठी सुमारे २० मीटर तांब्याची तार घ्यावी, मध्यभागी तोडून तेथे केबल जोडावी आणि दोन्ही टोके शक्य तेवढी उंच बांधावीत. आकाशातील आयनांबरावर आदळून परतणाऱ्या लहरी बाकीचे काम करतात. दिवसा बंगळुरूहून पुण्या-मुंबईपर्यंत आणि रात्री त्याहूनही दूर आवाज पोहोचतो.

या घरगुती विद्येला खरा मान मिळाला तो ५ मे २००५ रोजी. त्या दिवशी श्रीहरिकोटा येथून ‘पीएसएलव्ही-सी६’ या अग्निबाणाने ‘कार्टोसॅट-१’ या मोठ्या उपग्रहासोबत ‘हॅमसॅट’ हा ४२.५ किलोग्रॅम वजनाचा छोटा उपग्रह कक्षेत सोडला. हौशी रेडिओसाठीच बनविलेल्या या उपग्रहात संदेश झेलून परत पाठविणारी दोन यंत्रे होती. एक भारतीय हौशींच्या परिश्रमातून सिद्ध झाले होते. दुसरे बंगळुरूच्या अंतराळ केंद्रात येऊन काम केलेल्या नेदरलंडमधील एका अभियांत्रिकी विद्यार्थ्याने घडविले होते. यंत्राची शक्ती सुमारे १ वॅट. घरातील रात्रीचा लहान दिवाही त्याहून अधिक वीज खातो!

उपग्रह माथ्यावरून जाताना जेमतेम दहा-बारा मिनिटे मिळत. संदेश ४३५ मेगाहर्ट्झच्या आसपास वर धाडायचा आणि १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास खाली ऐकायचा. उपग्रहाच्या वेगामुळे ऐकू येणारा स्वर सतत सरकत राही, त्यामुळे एका हाताने तबकडी फिरवीत आणि दुसऱ्या हाताने एरियल आकाशात रोखीत बोलावे लागे. लाकडी दांड्यावर अॅल्युमिनियमच्या नळ्या बसविलेली घरगुती एरियलसुद्धा त्यासाठी पुरत असे. अपेक्षित आयुष्य दोन वर्षांचे असताना हॅमसॅटने नऊ वर्षांहून अधिक काळ सेवा दिली. विजेऱ्या निकामी झाल्यानंतर जुलै २०१४ मध्ये त्याचे कार्य थांबले. ठेवीच्या मुदतीनंतरही इतकी वर्षे व्याज देत राहणारी गुंतवणूक विरळाच म्हणावी लागेल.

आज परदेशी बनावटीचे तळहाताएवढे संच अल्प किमतीत मिळतात आणि परवाना हाती पडताच बहुतेक नवागत तेच विकत घेतात. त्यात गैर काही नाही. मात्र असा संच बिघडला की तो उघडण्याचे धैर्य फार थोड्यांना होते. ज्याने स्वतः प्रत्येक गुंडाळी मोजून घातली आहे, त्याला दोष कोठे असेल हे आवाजावरूनच उमगते; आणि वीज गेली तरी मोटारीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर त्याचा संच चालू राहतो. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानचा संपर्क तुटला, तेव्हा नेमक्या त्याच वेळी पोर्ट ब्लेअरमध्ये असलेल्या भारती प्रसाद आणि त्यांच्या हौशी सहकाऱ्यांच्या केंद्राने मुख्य भूमीशी दुवा जोडला होता. अशा प्रसंगी दुरुस्तीचे दुकान जवळ नसते.

ज्यांना या वाटेने जावयाचे आहे, त्यांनी एकदम प्रेषकाच्या मागे लागू नये, असा जुन्या मंडळींचा सल्ला असतो. आधी दोन-तीन ट्रान्झिस्टरांचा साधा रिसीव्हर जोडावा. गच्चीवर तार टांगावी, परीक्षेचा अभ्यास सुरू करावा आणि रविवारी सकाळी ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर कान लावून बसावे. कन्नड, तमिळ, हिंदी, इंग्रजी, आणि लहर अनुकूल असली तर मराठीसुद्धा तेथे ऐकू येते.