राणीछाप रुपया आणि परतीचे पैसे

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पुष्कळशा घरांत कपाटाच्या आतल्या कप्प्यातून एक लहानशी पुरचुंडी बाहेर निघते. तीत आजोबांच्या नाही तर पणजोबांच्या वेळचे चारदोन राणीछाप रुपये असतात. चिंचेने किंवा रांगोळीने घासून ते लखलखीत केले जातात, हळदकुंकू लावून तबकात मांडले जातात आणि भाऊबीज आटोपली की पुन्हा पुरचुंडीत जाऊन बसतात. अलीकडे मात्र या पुरचुंडीकडे घरातल्या तरुण मंडळींचे लक्ष जाऊ लागले आहे. जुने नाणे हजारांना विकले जाते, असे मोबाइलवर कोणीतरी पाहिलेले असते. मग त्या रुपयाचे छायाचित्र निघते, ते विक्रीला लागते, लांबच्या गावचे गिऱ्हाईकही मिळते, आणि आठवड्याभराने निरोप येतो, “नाणे खोटे आहे. पैसे परत करा.”

आता काय करावे? पैसे मुकाट्याने परत करावेत, तर घरचा अस्सल रुपया खोटा ठरतो. भांडावे, तर लबाड म्हणून नाव होते. शिवाय ज्या संकेतस्थळामार्फत विक्री झाली, ते बहुधा रक्कम अडकवून ठेवते. या पेचातून वाट कशी काढावी, त्याचा येथे थोडा विचार करू.

समोरासमोरचा बाजार

खानदेशातील मुक्ताईनगराचेच उदाहरण घेऊ. जळगाव जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव, पूर्वीचे एदलाबाद. तापी-पूर्णेचा संगम येथून जवळ, मुक्ताबाईचे देऊळ जवळ, आणि इच्छापुरावरून बुऱ्हाणपूर, इंदूरकडे जाणारा रस्ताही येथूनच निघतो. बुऱ्हाणपूर ही मोगलांच्या खानदेश सुभ्याची राजधानी, आणि तेथे त्यांची टांकसाळ होती. तेव्हा या टापूतल्या एखाद्या जुन्या घरात राणीछाप रुपयांच्या जोडीला फारसी अक्षरांचा एखादा ओबडधोबड रुपया निघाला, तर नवल वाटू नये.

या भागातला व्यवहार आजवर समोरासमोर होत आला. केळीचा व्यापारी बागेत येतो, घड पाहतो, मगच भाव ठरवतो. सराफाकडे तर काटा असे, कसोटीचा दगड असे, आणि दोन्ही बाजूंची माणसे तेथे हजर असत. निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात चालत, तेव्हा प्रत्येक रुपया पारखून त्याचा बट्टा ठरविणे हेच सराफाचे काम होते. रुपया पारखला की त्यावर तो कधी कधी आपली बारीक खूणही ठोकी. घासाघीस होई ती तेथल्या तेथे. माल हाती पडल्यावर आठ दिवसांनी कोणी कुरबुर करू लागला, तर त्याला फारसे कोणी विचारीत नसे.

मोबाइलवरच्या विक्रीत काटा नाही, कसोटी नाही आणि माणूसही समोर नाही. गिऱ्हाइकाने पाहिलेले असते ते फक्त आपले छायाचित्र, आणि वाचलेले असते ते आपले वर्णन. म्हणून पुढे तंटा झालाच, तर त्याचा निकाल कोण सज्जन आणि कोण दुर्जन यावर लागत नाही. विकण्यापूर्वी आपण काय लिहिले आणि काय दाखविले, यावर लागतो. परतीच्या पैशांचे भांडण खरे म्हणजे पाकीट पोस्टात पडण्याआधीच जिंकलेले किंवा हरलेले असते.

वर्णन म्हणजे वचन

वस्तुविक्रीचा १९३० चा कायदा आजही लागू आहे. त्याच्या पंधराव्या कलमाचा अर्थ साधा आहे: वर्णनावरून विकलेली वस्तू वर्णनाबरहुकूम असली पाहिजे. वर्णन चुकीचे असेल, तर शेवटी “जसे आहे तसे” ही तळटीप घालून सुटका होत नाही. तेव्हा जे ठाऊक आहे तेवढेच लिहावे. “आमच्या आजोबांनी सांगितले होते” हा घरात पुरावा होतो, बाजारात होत नाही.

राणीछाप रुपयाविषयी ठाऊक असण्यासारखे बरेच आहे. त्याचे वजन बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. वापराने झिजलेला रुपया किंचित कमी भरतो. ‘१८६२’ हा आकडा पाहून कित्येक जण त्याला दुर्मिळ ठरवितात. पण पुढे दहाबारा वर्षे टांकसाळीत तोच आकडा घालून रुपये पाडले जात होते, त्यामुळे ही नाणी उदंड आहेत. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया खरोखरीच दुर्मिळ, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही पुष्कळ. १९४० पासून १९४५ पर्यंतच्या रुपयात चांदी निम्मीच, आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा. राजाचे डोके पाहून सरसकट ‘शुद्ध चांदी’ असे लिहिणारा आपल्या हाताने तक्रार ओढवून घेतो.

बुऱ्हाणपुरी रुपयाची गोष्ट आणखी नाजूक. ही नाणी हातोड्याने ठोकलेली. साचा नाण्याहून मोठा असे, त्यामुळे सगळा मजकूर नाण्यावर उमटत नसे आणि टांकसाळीचे नाव अनेकदा काठाबाहेर राही. नाव स्पष्ट वाचता येत असेल, तरच ‘बुऱ्हाणपूर’ लिहावे. नाही तर “टांकसाळीचे नाव उमटलेले नाही” असे लिहावे. सराफाने ठोकलेली खूण असेल तर तीही सांगावी. जाणत्या संग्राहकाला तिचे वावडे नसते, पण न सांगितलेली खूण त्याला व्यंग वाटते.

आता दिवाळीतल्या चिंच-रांगोळीकडे वळू. आपल्या दृष्टीने लखलखीत तो रुपया चांगला; संग्राहकाच्या दृष्टीने वर्षानुवर्षे चढलेली काळसर झाक हीच शोभा. घासलेल्या नाण्याची किंमत उतरते आणि ती झाक लवकर परत येत नाही. विकण्याचा विचार असेल तर नाणे घासू नये; घासलेले असेल तर “पूजेसाठी स्वच्छ केलेले” असे सरळ लिहावे. एवढ्या एका वाक्याने पुढचे कितीतरी तंटे टळतात.

टपाल तिकिटांनाही हाच न्याय. १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेल्या गांधीजींच्या चार तिकिटांपैकी दहा रुपयांचे तिकीट संग्राहकांच्या आवडीचे. त्याच्या पाठीवरचा मूळ डिंक शाबूत आहे की नाही, यावर किमतीत मोठा फरक पडतो. याच मालिकेची ‘सर्व्हिस’ असे छापलेली तिकिटे फारच थोडी निघाली. तेव्हा तो शिक्का मागाहून मारलेली खोटी तिकिटे बाजारात फिरत असतात. तिकिटाची पाठ न दाखविता ते विकणे म्हणजे भांडणाला निमंत्रण.

विक्रीपूर्वी दोन्ही बाजू, कडा आणि काट्यावर ठेवलेले नाणे, अशी चार छायाचित्रे दिवसाच्या उजेडात घ्यावीत. प्रत्येक जुन्या नाण्यावरचे ओरखडे निराळे असतात. पुढे ओळख पटविण्यास तेच उपयोगी पडतात. पाकीट भरतानाचे चित्रीकरणही करून ठेवावे. पाठविताना विमा उतरवावा. कित्येक कुरियरवाले नाणी घेतच नाहीत, तेव्हा आधी विचारावे.

तक्रार आलीच तर

पहिली गोष्ट, फोनवर वाद घालू नये. जे काय बोलायचे ते लेखी, आणि शक्यतो ज्या संकेतस्थळावर विक्री झाली तेथेच. म्हणजे उद्या त्यांनाच निवाडा करावा लागला, तर कागद त्यांच्यासमोर असतो. दुसरी गोष्ट, उत्तर त्याच दिवशी द्यावे. उत्तराला लागलेला उशीर गिऱ्हाइकाला लबाडीसारखा दिसतो. उत्तर साधारण असे असावे:

“स. न. वि. वि. आपला निरोप आजच मिळाला. नाणे आपणांस पसंत पडले नाही, याचे वाईट वाटते. आपण ते कोणत्या कारणाने खोटे ठरविता, आपल्या काट्यावर त्याचे वजन किती भरले, हे कळवावे. तसेच दोन्ही बाजू, कडा व पाकीट यांची छायाचित्रे कृपया पाठवावीत. विक्रीच्या वेळची आमची छायाचित्रे सोबत आहेत. आमच्या वर्णनात चूक आढळल्यास नाणे परत मिळताच पूर्ण रक्कम व टपालखर्च देऊ. मतभेद राहिल्यास दोघांनाही मान्य अशा जाणकाराचे मत घ्यावे, आणि ज्याचे म्हणणे चुकेल त्याने खर्च सोसावा, असे सुचवितो. कळावे.”

या पत्राने दोन कामे होतात. प्रामाणिक गिऱ्हाइकाचा राग निवतो, कारण त्याला पैसे बुडण्याची भीती उरत नाही. आणि नुसतेच दडपण आणून पैसे उकळू पाहणारा असेल, तर वजन आणि छायाचित्रे मागताच त्याचा आवाज बहुधा खाली येतो.

आलेली उत्तरे शांतपणे पाहावीत. वर्णन आपलेच चुकले असेल, तर हुज्जत न घालता पैसे परत करावेत. नाणे वर्णनाबरहुकूम आहे, पण गिऱ्हाइकाचे मन बदलले, अशी स्थिती असेल तर त्या संकेतस्थळाचा परतीचा नियम पाहावा. तो आपण विक्रीच्या वेळीच मान्य केलेला असतो. वाटेत पाकीट फुटले असेल तर विम्याची मागणी आपणच करावी, गिऱ्हाइकाला हेलपाटे घालायला लावू नयेत.

परत आलेले पाकीट एकट्याने उघडू नये. घरातल्या कोणाला तरी समोर बसवून, चित्रीकरण करीत उघडावे आणि नाणे जुन्या छायाचित्राशी ताडून पाहावे. अस्सल ठेवून घेऊन खोटे परत करणारेही असतात. अशा वेळी तो एक बारीक ओरखडा शंभर युक्तिवादांचे काम करतो. नाणे तेच असल्याची खात्री पटली, की ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने परत करावेत आणि त्याची पोच ठेवावी.

कायदा काय म्हणतो

ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा जुलै २०२० मध्ये अमलात आला आणि त्याच महिन्यात ऑनलाइन व्यापाराचे नियमही निघाले. त्यांनुसार ऑनलाइन धंदा करणाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी व महिन्याभरात निवारण करावे; माल खोटा, सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसेल तर तो परत घेण्यास वा पैसे देण्यास नकार देता येत नाही. घरची चार नाणी खाजगी रीतीने एकदाच विकणाऱ्याला हे नियम लागत नाहीत. नेमाने विकत राहणाऱ्याला लागतात. मात्र १९३० चा कायदा आणि संकेतस्थळाशी झालेला करार यांतून कोणीच सुटत नाही. शिवाय व्यापाऱ्याविरुद्धची तक्रार गिऱ्हाईक आता स्वतःच्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत नेऊ शकते. म्हणजे मुक्ताईनगराच्या विक्रेत्याला सोलापुरात उत्तर द्यावे लागेल. पाचशे रुपयांच्या वादापायी एवढी यातायात करावी का, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

आणखी एक पथ्य. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. राणीछाप रुपये सारे १९०१ पर्यंतचे, म्हणजे सगळेच त्यात आले. असे नाणे परवान्यावाचून परदेशी पाठविता येत नाही. अमेरिकेतल्या पुतण्याने कितीही आग्रह केला तरी नाही. पुरावस्तूंचा धंदाच करावयाचा, तर त्यासाठीही परवाना लागतो.

गिऱ्हाइकाच्या वेषातले चोर

काही ‘गिऱ्हाइकां’ना नाणे नकोच असते. “चुकून जास्त पैसे पाठविले, वरचे परत करा” असे सांगून ते खोटा निरोप दाखवितात. कोणी “पैसे मिळण्यासाठी पिन टाका” म्हणतो. लक्षात ठेवावे, मोबाइलवरून पैसे घेताना पिन लागत नाही. तो देतानाच लागतो. परताव्याचा एक रुपयाही बँकेच्या खात्यात जमा पाहिल्यावाचून देऊ नये. रिझर्व्ह बँकेचे नाव सांगून जुन्या नाण्यांच्या विक्रीवर कर वा दलाली मागणारेही भेटतात. आपण असा कोणताही व्यवहार करीत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे. फसगत झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात.

आणि राम-लक्ष्मण-सीतेचे चित्र व १८१८ साल असलेले ‘कंपनीचे नाणे’ घरात निघाले, तर ते देवघरातच ठेवावे. कंपनीने असे नाणे कधी चलनात आणलेच नव्हते. ते विकायला काढले आणि गिऱ्हाइकाने पैसे परत मागितले, तर चूक गिऱ्हाइकाची नव्हे.

यंदा पुरचुंडी सोडाल तेव्हा घासण्याआधी प्रत्येक रुपया काट्यावर ठेवा, साल वाचा, वजन आणि कोणी कोणाला दिला तेवढे एका वहीत टिपून ठेवा. विकायचा झाला तर ती वही साक्षीला येईल. नाही विकला, तर पुढच्या पिढीला आपल्या घरातला रुपया कोणता, हे तरी निश्चित ठाऊक राहील.